बर्गरमध्ये काहीही घाला, पण त्याला काम द्या

ग्लेझ्ड डोनट आडवा कापायचा आणि बनऐवजी त्यातच पॅटी ठेवायची, हे ऐकायला भन्नाट वाटतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा गरम पॅटी टेकताक्षणी साखरेचा थर वितळला, पाक मनगटापर्यंत ओघळला आणि चावा घेतला तशी पॅटी मागच्या बाजूने सटकून ताटात पडली. हातात उरला नुसता चिकट डोनट. गंमत म्हणजे पडलेली पॅटी उचलून त्याच डोनटबरोबर खाल्ली, तर चव झकास होती. खारट, खरपूस मांस आणि गोड पीठ यांचं चांगलं जमतं. चवीत काही चुकलं नव्हतं, फसली होती रचना.

तेव्हापासून कुठलाही विचित्र बर्गर समोर आला की मी एकच प्रश्न विचारतो: हा नवा पाहुणा इथे करतो काय? बर्गरमध्ये प्रत्येकाला काम असतं. बन रस पितो आणि सगळ्यांना धरून ठेवतो. पॅटी खरपूसपणा आणि चरबी आणते, चीज डिंकासारखं चिकटवतं. लोणच्यातली काकडी आंबटपणाने जीभ धुऊन काढते, कांदा कुरकुरतो. नवा घटक यातलं एखादं काम आणखी चांगलं करत असेल, तर तो कितीही चमत्कारिक असला तरी चालेल. काहीच करत नसेल, तर तो फोटोसाठी आला आहे.

खाली आधी साधा बर्गर कसा बांधायचा ते सांगतो, मग वेडेवाकडे प्रकार. पहिला भाग वगळून थेट डोनटकडे उडी मारायचा मोह होईल, मलाही झाला होता, आणि परिणाम वर दिलाच आहे.

खिमा

बर्गरचा निम्मा निकाल खाटकाच्या दुकानातच लागतो. खिम्यात साधारण २० टक्के चरबी हवी, म्हणजे एक किलोत २०० ग्रॅम. तब्येतीच्या नावाखाली बिनचरबीचा खिमा आणलात तर पॅटी कोरडी आणि रवाळ होते, मग सॉस ओतून तिला वाचवायची धडपड सुरू होते. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर सगळ्यांसमोर शिजवून खाल्ला गेला. मास्ट्रिख्ट विद्यापीठातले मार्क पोस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला होता, खर्च अडीच लाख युरोंच्या घरात. चाखणाऱ्यांना त्यात मांसाचा पोत जाणवला, पण रस कमी वाटला. कारण त्यात स्नायूंच्या पेशी होत्या, चरबी नव्हती. अडीच लाख युरो मोजूनही जी उणीव भरून निघाली नाही, ती साध्या दुकानात दोनशे ग्रॅम चरबीने निघते.

कोंबडीचा बर्गर करायचा असेल तर मांडीचं मांस घ्या, छातीचं घेऊ नका. बोकडाचं मांस बहुधा रुक्ष असतं, त्यात वरून चरबी मिसळायला सांगा. खिमा जाड जाळीतून एकदाच काढलेला बरा. दोनदा बारीक केला की त्याचा लगदा होतो. घरी करणार असाल तर मांसाचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे ताटात पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडा टणक झाल्या की थोडे-थोडे घेऊन थांबत-थांबत फिरवा. मांस कोमट झालं की चरबी चिकट होऊन पात्याला माखते, आणि ती पॅटीत राहायच्या ऐवजी तव्यावर वाहून जाते.

आता मीठ. बहुतेक जण इथेच चुकतात. मीठ खिम्यात मिसळायचं नाही, तव्यावर टाकण्याच्या क्षणी बाहेरून भुरभुरायचं. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा: दोन सारखे गोळे घ्या, एकात मीठ मळून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा तसाच ठेवा आणि भाजताना वरून मीठ लावा. शिजल्यावर बोटाने दाबा. पहिला रबरासारखा उसळतो आणि कापला की आतून गुळगुळीत, सॉसेजसारखा दिसतो. दुसरा सुटा आणि भुसभुशीत राहतो. मीठ मांसातली प्रथिनं विरघळवतं आणि ती एकमेकांना घट्ट धरतात. सॉसेजला तेच हवं असतं, बर्गरला नको. याच कारणाने खिम्यात अंडं, ब्रेडचा चुरा, बारीक कांदा, मसाले असलं काही घालू नका. ते घातलं की त्याचा कबाब होतो. कबाब उत्तम पदार्थ आहे, पण तो वेगळा.

जाड की चेपलेली

इथे दोन वाटा फुटतात आणि तुम्हाला एक निवडावी लागते.

जाड पॅटीसाठी १५० ग्रॅमचा गोळा घेऊन दोन सेंटीमीटर जाडीचा चपटा आकार द्या. रुंदी बनपेक्षा दीड सेंटीमीटर जास्त ठेवा, कारण ती आकसणार आहे. मध्ये अंगठ्याने उथळ खळगा करा. कडा आधी शिजून आवळतात आणि मधला भाग फुगतो. खळगा असेल तर तो भरून सपाट होतो, नसेल तर पॅटीचा चेंडू होतो आणि वर ठेवलेलं सगळं घसरतं. मध्यम आचेवर शिजवा, उलथण्याने दाबू नका.

चेपलेल्या पॅटीसाठी ६० ते ८० ग्रॅमचे गोळे करा, सैलसर. आकार द्यायची गरज नाही. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, तेल घालू नका. गोळा टाका, त्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवा आणि जड उलथण्याने जीव लावून चेपा. हे पहिल्या तीस सेकंदांतच उरकायचं. तेव्हा चरबी अजून घट्ट असते, त्यामुळे दाबल्याने काही वाहून जात नाही. नंतर दाबलंत तर सगळा रस तव्यावर. दीड मिनिटाने कडा जाळीदार आणि गडद तपकिरी दिसतील. मग उलथण्याची धारदार कड तव्याला टेकवून खरवडत पॅटी उचला, जणू रंगाचा पोपडा काढताय. चिकटलेला थर मागे राहिला तर सगळी मेहनत मागे राहिली. उलटा, चीज ठेवा, आणखी चाळीस सेकंद, झालं.

तो तपकिरी थर म्हणजेच बर्गरची चव. सुमारे १४० अंश सेल्सियसच्या पुढे मांसातली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यात ही प्रक्रिया जोमाने होते. १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी तिचं वर्णन केलं म्हणून तिला मेयार प्रक्रिया म्हणतात. तव्यावर पाणी साचलं की तापमान शंभराच्या आसपास अडकतं, आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं. म्हणून एका वेळी तव्यावर दोनच पॅट्या.

माझं मत विचाराल तर विचित्र बर्गरसाठी चेपलेलीच पॅटी. तिची कुरकुरीत कड गोड, आंबट, चिकट अशा कुठल्याही सोबत्यासमोर टिकते. जाड पॅटी साध्या बर्गरसाठी राखून ठेवा, जिथे मांसाचीच चव घ्यायची आहे.

आतून किती शिजवायचं, यात मात्र हौसेला जागा नाही. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू पृष्ठभागावर असतात, ते भाजताना मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळला जातो. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस खिम्यासाठी ७१ अंश आणि कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सियस अशी आहे. जाड पॅटी करणार असाल तर काट्याचा थर्मामीटर घ्या. चेपलेली पॅटी इतकी पातळ असते की ती आतपर्यंत शिजतेच.

चीज, बन आणि थर

चांगल्या बर्गरवर साधी प्रोसेस्ड चीजची स्लाइस बघून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी एकदा जुनं, मुरलेलं चेडर गरम पॅटीवर ठेवून बघावं: तूप वेगळं, चोथा वेगळा. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते एकसंध वितळतं. इथे चीजला चवीपेक्षा डिंकाचं काम जास्त आहे. स्लाइस ठेवल्यावर तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाका आणि वीस सेकंद झाकण घाला.

बन निवडताना तो चिमटीत दाबून बघा. दबला पाहिजे आणि हळूहळू वर आला पाहिजे. कडक कवचाचे दिमाखदार पाव बर्गरला घातक असतात. दातांना जोर लावावा लागतो आणि तोवर पॅटी पलीकडून निसटते. कापलेल्या बाजूंना लोणी लावून तव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजा. हा भाजका थर बनला रसात लगेच विरघळू देत नाही. गोल बन ही काही दैवी अट नाही. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवनला लुईज लंच नावाचं छोटं उपाहारगृह आहे. ते १९०० सालापासून हॅम्बर्गर देत असल्याचं सांगतं आणि आजही टोस्टमध्येच देतं. केचप मागितलंत तर मिळत नाही. हा हट्ट मला आवडतो.

थर खालून वर असे लावा: भाजलेला बन, मेयोनीज, लेट्यूसचं पान, चीज वितळलेली पॅटी, काकडीचं लोणचं, कांदा, सॉस, वरचा बन. मेयोनीज तेलकट असल्याने पाणी अडवतं आणि लेट्यूस खालच्या बनसाठी रेनकोटाचं काम करतं. टोमॅटोबद्दल माझं मत वाईट आहे. घटकांमधला चोर तो, पाणी सोडतो, घसरतो, आणि कच्चा असेल तर चवही देत नाही. घालायचाच असेल तर चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं कागदावर ठेवा.

उंचीसाठी माझा घरगुती नियम: हलकेच दाबल्यावर बर्गर चार बोटांपेक्षा उंच नको. काडी खुपसून उभा केलेला मनोरा सुरी-काट्याने खावा लागतो. मग बन कशाला हवा?

अडचणीतून जन्मलेले

जे विचित्र बर्गर टिकले, त्यातले बरेच कुणीतरी अडचणीत असताना केलेले आहेत. ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो गावचा कांदा बर्गर १९२० च्या दशकातला. मांस महाग, कांदा स्वस्त, म्हणून मूठभर कांदा मांसात चेपून पॅटी मोठी केली. आज पैशाचा प्रश्न नसलेली माणसंही तो आवडीने खातात, कारण कांद्याला नुसती जागा भरायच्या पलीकडे काम मिळालं.

करून बघा, हा या लेखातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फायद्याचा प्रकार आहे. दोन बर्गरसाठी एक मोठा कांदा आरपार दिसेल इतका पातळ चिरा. किसू नका, त्याचं पाणी होतं. चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. तापलेल्या तव्यावर खिम्याचा गोळा टाका, वर कांद्याचा ढीग ठेवा, ढीग गोळ्याएवढाच हवा, आणि चेपा. कांदा मांसात रुतला पाहिजे. दोन-अडीच मिनिटांनी खरवडून उलटा. आता कांदा खाली येतो आणि मांसाच्या चरबीत तळला जातो. काही तुकडे करपतील, करपू द्या. चीज ठेवा, त्यावर बनचे दोन्ही भाग एकावर एक ठेवून मिनिटभर थांबा. कांद्याची वाफ बनमध्ये शिरते आणि तो कापसासारखा मऊ होतो. याला लेट्यूस नको, सॉस नको. काकडीच्या दोन चकत्या पुरे.

मिसिसिपी राज्यातल्या कॉरिंथ गावचा स्लगबर्गरही असाच, काटकसरीतून आलेला. मांसात पीठ मिसळून तेलात तळायचा. 'स्लग' म्हणजे गोगलगाय, पण तिचा पदार्थाशी काही संबंध नाही. चव? वडीसारखी कुरकुरीत आणि मोहरीच्या सॉसबरोबर बरी. बर्गर म्हणून मी त्याला पास करतो, काठावर.

कनेटिकटमधल्याच मेरिडेन भागात वाफवलेला चीजबर्गर मिळतो. मांस आणि चीज लहान धातूच्या ट्रेमध्ये वेगवेगळं वाफवतात आणि पातळ झालेलं चीज वरून ओततात. चीजचं काम तिथे अप्रतिम होतं, पण मांस राखाडी राहतं. वर सांगितलेला तपकिरी थर वाफेत तयारच होऊ शकत नाही. ज्यांचं बालपण त्यावर गेलं त्यांनी प्रेम करावं, मी तव्याच्या बाजूचा.

पोटात चीज

मिनियापोलिस शहरात जूसी लूसी म्हणजे चीज पॅटीच्या आत भरलेला बर्गर. मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब ही तिथली दोन ठिकाणं आपणच तो पहिला केला असं सांगतात, वाद १९५० च्या दशकापासूनचा. पहिल्या ठिकाणी तर नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षरच गायब आहे, आणि ते तसंच अभिमानाने मिरवलं जातं.

इथे चीजचा धर्मच बदलतो. डिंक होता तो सॉस होतो. त्यामुळे कृतीही बदलते. ९० ग्रॅमच्या दोन पातळ चकत्या करा. प्रोसेस्ड चीजच्या एका स्लाइसचे चार तुकडे एकावर एक रचून एका चकतीच्या मधोमध ठेवा, कडेला दीड सेंटीमीटर जागा सोडा. दुसरी चकती वर ठेवून कडा करंजीसारख्या नीट मिटवा, हवा अडकू देऊ नका. फ्रीजमध्ये अर्धा तास. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं. पॅटी फुग्यासारखी फुगली तर टूथपिकने वरून एक भोक पाडा, नाहीतर ती कडेने फुटते आणि चीज तव्यावर जळतं. मग तीन-चार मिनिटं थांबा. ही सूचना मी गंभीरपणे देतोय. आतलं चीज उकळत्या लाव्हासारखं असतं, आणि पहिल्याच घासाला पोळलेल्या टाळूला पुढचे दोन दिवस कुठल्याच बर्गरची चव लागत नाही.

वर काय ठेवायचं: अंडं, बीट, अननस, शेंगदाणा

ऑस्ट्रेलियात बर्गर 'सगळं घालून' मागितला की बीट, अंडं आणि बऱ्याचदा अननसही येतो. बाहेरच्यांना हे थट्टेचं वाटतं, पण कामाच्या कसोटीवर तिघांपैकी दोन सहज उत्तीर्ण होतात.

बीट कच्चं किंवा नुसतं उकडलेलं नको, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं हवं. मग ते काकडीच्या लोणच्याची जागा घेतं: आंबट, किंचित गोड, चावायला टणक. चकत्या कागदाने टिपून घ्या आणि बनला लागू देऊ नका, रंग पसरतो. बीट घातलंत तर काकडी काढा, दोन आंबट कामगार कशाला.

अंडं म्हणजे तयार सॉस, म्हणून त्याच्याबरोबर मेयोनीज नको. अडचण एकच, बलक शर्टावर सांडतो. माझा उपाय: अंडं तव्यावर निम्मं झालं की बलक काट्याने फोडून पांढऱ्यावर पसरवायचा आणि वीस सेकंदांनी उतरवायचं. बलक घट्ट साइसारखा होतो, वाहत नाही, पण कोरडाही पडत नाही.

अननसाचं प्रकरण गुंतागुंतीचं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन हे विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. जिभेला चुरचुरतं ते त्याच्यामुळेच. कच्च्या फोडींबरोबर खिमा मुरत ठेवलात तर पॅटी पिठासारखी होते. उष्णतेने हे विकर निकामी होतं, म्हणून डब्यातल्या अननसात हा त्रास नाही. ताजा वापरायचा असेल तर अर्धा सेंटीमीटर जाडीची चकती कागदाने कोरडी करून तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. पाणी उडतं, गोडवा दाटतो. सोबत तिखट हवंच, हिरवी मिरची किंवा तिखट सॉस. नुसता गोड अननस आणि चीज ही जोडी मला मान्य नाही.

आणि पीनट बटर. मिसूरी राज्यातल्या सेडेलिया गावात याला गूबर बर्गर म्हणत, गूबर म्हणजे शेंगदाणा. वाचून तोंड वाकडं करणाऱ्यांत मीही होतो. मग एकदा केला आणि आता महिन्यातून एकदा होतोच. भाजलेल्या शेंगदाण्याची चव आणि मांसावरचा तपकिरी थर ही सख्खी भावंडं आहेत, दोन्ही त्याच मेयार प्रक्रियेची लेकरं. पण प्रमाण सांभाळा. सपाट चमचाभर, बिनसाखरेचं, थेट गरम पॅटीवर, म्हणजे ते सैल होऊन पसरतं. बनला लावलंत तर टाळूला चिकटून बसतं. चीज पूर्ण वगळा, चिकटवायचं काम एकालाच द्या. काकडीचं लोणचं मात्र नेहमीच्या दुप्पट.

बनला सुट्टी देताना

बन काढायचा असेल तर त्याची दोन्ही कामं कुणाला तरी द्यावी लागतात: रस पिणं आणि धरून ठेवणं. यातले बहुतेक प्रयोग पहिल्या कामाला विसरतात. केएफसीने २०१० मध्ये अमेरिकेत डबल डाउन आणला, त्यात पावाऐवजी कोंबडीचे दोन तुकडे. तेल प्यायला कुणीच नाही, मग ते बोटं पितात.

लेट्यूसमध्ये गुंडाळलेला बर्गर यापेक्षा शहाणा, कारण तो गार आणि कुरकुरीतपणा तरी आणतो. पण पान रस पीत नाही, म्हणून सॉस निम्मा करा. आइसबर्ग लेट्यूसची दोन मोठी पानं एकमेकांवर आडवी ठेवा, पॅटी मध्ये ठेवून पाकिटासारखी घडी घाला आणि कागदात आवळून गुंडाळा. कागद सोलत-सोलत खा. कागदाशिवाय हा प्रकार करू नका.

जपानमधल्या मॉस बर्गर या उपाहारगृहांच्या साखळीने १९८७ मध्ये भाताचा बन आणला. तो टिकला याचं मला नवल वाटत नाही, भात रस पितो आणि चिकटतो, म्हणजे दोन्ही कामं करतो. घरी करताना आखूड दाण्याचा चिकट तांदूळ घ्या, गरम असतानाच ओल्या साच्यात दीड सेंटीमीटर जाडीचा दाबून बसवा, गार होऊ द्या, मग सोया सॉसचं बोट फिरवून तव्यावर दोन्ही बाजू कडक करा. आतलं सारण कोरडसर आणि चांगलं खारट ठेवा, कारण भात चव शोषून सौम्य करतो.

२०१३ मध्ये केइझो शिमामोतो यांनी ब्रुकलिनमध्ये रामेन नूडल्सचा बन असलेला बर्गर विकायला आणला आणि लांबच लांब रांगा लागल्या. कृती अवघड नाही: नूडल्स मिनिटभर कमी शिजवा, फेटलेल्या अंड्यात घोळा, वाटीत भरून वजन ठेवून दोन तास फ्रीजमध्ये दाबा, मग परता. पहिले चार घास मजेचे असतात. नंतर रस लागून नूडल्स सुटायला लागतात आणि तुम्ही बर्गर सोडून नूडल्स खाऊ लागता. मला तो खेळ वाटतो, एकदा खेळायला हरकत नाही.

काळ्या बर्गरबद्दल एकच वाक्य. जपानमधल्या बर्गर किंगने २०१४ मध्ये बनबरोबर चीजही बांबूच्या कोळशाने काळं केलं, आणि त्या कोळशाला चवीत काही काम नव्हतं.

मांस नसेल तर

बिनमांसाच्या पॅटीत बहुतेकांचं एकच दुखणं असतं, ओलावा. राजमा किंवा काळे बीन्स उकडून कुस्करले की त्यांचा मऊ गोळा होतो. मऊ बनमध्ये मऊ गोळा म्हणजे दातांना कामच नाही. बटाटा तर अजून मऊ.

मी असं करतो. शिजलेले बीन्स पूर्ण निथळून ताटात पसरतो आणि १८० अंशांवर ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवतो, सालं फुटून सुरकुततात तोवर. दुसरीकडे मशरूम बारीक चिरून मोठ्या आचेवर कोरड्या तव्यात टाकतो. आधी ते पाणी सोडतात, मग पाणी आटतं, मग चरचर आवाज येऊन रंग बदलतो. बहुतेक जण पाणी आटायच्या आधीच उतरवतात. मग थोडं तेल, सोया सॉस. तीन वाट्या बीन्सला वाटीभर भाजलेले मशरूम, अर्धी वाटी जाडसर कुटलेले अक्रोड, पाव वाटी ब्रेडचा चुरा, एक अंडं. अंडं चालत नसेल तर दोन चमचे जवसाची पूड पाण्यात भिजवून. निम्मे बीन्स कुस्करा, निम्मे अख्खे ठेवा. इथे मीठ आत घालायचं, कारण घट्ट धरायला मांसाची प्रथिनंच नाहीत. तासभर गार करून थापा आणि भरपूर तेलात, हात न लावता, चार मिनिटं एका बाजूने. घाईने उलटलंत तर तुकडे पडतील, मीच पाडले आहेत.

याला चेपून खरपूस करता येत नाही, म्हणून कुरकुरीतपणा दुसरीकडून आणावा लागतो. इथे कच्चा कांदा आणि तळलेला कांदा दोन्ही घालायला माझी परवानगी आहे.

स्वतःचा विचित्र बर्गर बांधताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. पॅटी, बन, चीज नेहमीचं ठेवा आणि एका घटकाची जागा नव्याला द्या. नुसता भर घालू नका, कुणाला तरी काढा. मग बर्गर मधोमध कापा आणि बाजूने बघा: थर दिसतात की चिखल झालाय? अर्धा लगेच खा, अर्धा पाच मिनिटं तसाच ठेवून खा. पहिल्या घासाला सगळेच बर्गर चांगले लागतात, शेवटचा घास खरं सांगतो. खालचा बन ओला होऊन बोटं आत जात असतील, तर पाण्याचा मालक शोधा, तो बहुधा नवा पाहुणाच असतो.

याच रीतीने मी डोनटकडे परत गेलो. तो बर्गर अमेरिकेत ल्यूथर बर्गर म्हणून ओळखला जातो, गायक ल्यूथर व्हँड्रॉस यांच्या नावावरून, अशी आख्यायिका आहे. या वेळी डोनट आडवा कापून उलटा केला: साखरेची बाजू आत, कापलेली बाजू बाहेर. बाहेरच्या बाजूंना लोणी लावून तव्यावर कडक केल्या. पॅटी चेपलेली, पातळ, चीज दोन्ही बाजूंना, म्हणजे साखर वितळली तरी पॅटी घसरणार नाही. मेयोनीज काढलं, सॉस काढला, मोहरीचं बोट आणि काकडीच्या सहा चकत्या. डोनटच्या मधल्या भोकातून चीज डोकावत होतं, तिथेही एक चकती बसवली. हात कोरडे राहिले. पाच मिनिटं ठेवलेला अर्धा भागही हातात धरून खाता आला. तिसऱ्या घासाला मात्र गोडाने तोंड भरलं, तेव्हा पुढच्या वेळी मोहरी दुप्पट आणि एक हिरवी मिरची.